चौक, खोली आणि हवा

मराठी माणसाच्या कानाला ‘चौक’ हा शब्द दोन अर्थांनी ओळखीचा आहे. चार रस्ते जेथे एकमेकांस मिळतात तो एक चौक. आणि जुन्या वाड्याच्या पोटात, चारी बाजूंच्या सोप्यांनी वेढलेला, वर आभाळाला मोकळा असलेला, तो दुसरा चौक. वाडा केवढा हे सांगताना आपले वाडवडील त्याच्या खोल्या मोजीत नसत, चौक मोजीत असत. लखनौ शहरात चौक म्हणून जे ठिकाण प्रसिद्ध आहे ते मात्र ह्या दोहोंपैकी एकही नव्हे. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत गेलेला तो एक लांबट, अरुंद, दुतर्फा दुकानांनी आणि वरच्या मजल्यांच्या सज्जांनी दाटलेला बाजार आहे. अत्तरे, चिकनचे कापड, चांदीचा वर्ख, फुलांचे हार आणि तव्यावरचे कबाब ह्यांचा संमिश्र वास तेथे दरवळत असतो, आणि दोन्ही बाजूंना फुटलेल्या गल्ल्यांत शेकडो घरे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून उभी आहेत.

लखनौचे नाव निघाले म्हणजे आपल्याला पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवतात. तेथील काही संगीतप्रेमी रईसांच्या साहाय्याने त्यांनी १९२६ साली त्या शहरात संगीताचे विद्यालय उभे केले, आणि पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते नावारूपास आणले. गाणे ही अखेर श्वासाची विद्या आहे. आज मला बोलावयाचे आहे ते मात्र गाण्याविषयी नव्हे, नुसत्या श्वासाविषयी. हिवाळा आला की उत्तर भारतातील शहरांत, ज्याला परवडते त्याच्या घरी, खोलीच्या कोपऱ्यात एक लहानसे यंत्र घरघरू लागते. एका बाजूने ते खोलीतील हवा आत ओढते, गाळते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा खोलीत सोडते. लोक त्याला एअर प्युरिफायर म्हणतात. अशी अनेक तऱ्हांची यंत्रे आज बाजारात आहेत, आणि त्यांतले कोणते बरे हा प्रश्न लहान खोलीत राहणाऱ्या माणसाला पडतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जाणे इष्ट आहे; कारण हवा शुद्ध करण्याची माणसाची खटपट ह्या यंत्रापासून सुरू झालेली नाही, आणि ‘वाईट हवा’ म्हणजे काय ह्याविषयीची त्याची समजूतही सदैव एकच राहिलेली नाही.

नवाब आसफुद्दौला ह्याने १७७५ साली अवधची राजधानी फैझाबादेहून लखनौस आणली आणि तेथून ह्या शहराचे ऐश्वर्य वाढीस लागले. त्या काळच्या लखनौकराला वाईट हवा म्हणजे तापलेली हवा. वैशाखात आणि ज्येष्ठात पश्चिमेकडून येणारी लू ही त्याची वैरीण होती. तिच्यावर त्याने जे उपाय योजले त्यांतला पहिला घराच्या रचनेतच होता. लखौरी नावाच्या पातळ विटांच्या आणि चुन्याच्या जाड भिंती, रस्त्याच्या बाजूला मोजकीच दारे, आणि मध्यभागी आंगण. हे आंगण म्हणजे आपल्या वाड्यातला चौकच होय. रात्री गार झालेली जड हवा ह्या चौकात उतरते आणि भोवतालच्या खोल्यांत पसरते. दिवस चढला की तापून हलकी झालेली हवा वरच्या उघड्या तोंडाने निघून जाते आणि तिच्या जागी गल्लीच्या सावलीतली हवा आत ओढली जाते. चूल पेटली तर तिचा धूरही ह्याच वाटेने वर जातो. चोवीस तास चालणारे, आवाज न करणारे आणि सर्व बिऱ्हाडांना सारखेच उपयोगी पडणारे असे हे एक यंत्रच होते. त्याला यंत्र म्हणण्याचे मात्र कोणाला कधी सुचले नाही.

श्रीमंतांना एवढ्याने भागत नसे. त्यांनी जमिनीखाली तहखाने खोदले. ल्योन गावचा क्लोद मार्टिन हा फ्रेंच गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी म्हणून लखनौस राहिला आणि १८०० साली तेथेच वारला. त्याने १७८१ च्या सुमारास गोमतीच्या काठी फरहतबख्श नावाची कोठी बांधली. तिचे खालचे मजले नदीच्या पाण्याच्या पातळीशी होते. उन्हाळ्यात तो त्या गारव्यात राही, आणि पावसाळ्यात नदी चढू लागली की तीही खालचे मजले व्यापी आणि साहेब एकेक मजला वर सरकत असे.

ज्यांच्यापाशी तहखाना नव्हता ते दारांना वाळ्याच्या ताट्या लावीत. भिश्तीने त्यांवर पाणी शिंपडीत राहावयाचे आणि बाहेरच्या वाऱ्याने त्यांतून गार व सुगंधी होऊन आत यावयाचे. वारा पडला तर काय करावयाचे? ह्या अडचणीतून १८३० च्या आसपास एक चमत्कारिक यंत्र निघाले. इंग्रजांनी त्याला ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त नाव दिले. धान्य उफणण्याच्या यंत्रासारखा फिरणारा एक मोठा पंखा लाकडी पेटीत बसवलेला, पेटीला ओल्या वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, आणि ती सगळी पेटी खिडकीत अडकवलेली. माणसे दांडा फिरवीत, पंखा फिरे आणि ताट्यांतून ओढलेली हवा खोलीत लोटली जाई. श्रोतेहो, आजचे हवाशुद्धीचे यंत्र उघडून पाहिले तर त्यात काय सापडते? एक पंखा आणि त्याच्यापुढे एक गाळणे. म्हणजे वंश एकच आहे. दोहोंतला फरक पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून येथेच सांगून ठेवतो. ते जुने यंत्र बाहेरची नवी हवा घरात आणीत असे, आणि आजचे यंत्र घरातली तीच हवा पुन्हा पुन्हा गाळीत असते. आणखीही एक गोष्ट विसरता येत नाही. चौकातला गारवा घरातल्या सर्वांचा असे. ताटीचा गारवा मात्र भिश्तीच्या आणि दांडा फिरवणाऱ्याच्या घामातून एका खोलीपुरता काढलेला असे.

वाईट हवेचा दुसरा अर्थ दुर्गंधी. ह्या बाबतीत लखनौ अधिकारी शहर आहे. चौकातल्या अत्तरांच्या दुकानांतून गुलाब, केवडा, वाळा आणि पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचेसुद्धा अत्तर मिळते. घरोघर लोबान जाळीत, आपल्याकडे धूप घालीत. त्या धुपाने मन प्रसन्न होते ह्यात शंका नाही. पण आजच्या मोजमापाने पाहिले तर त्याने हवेतले सूक्ष्म कण कमी होत नाहीत, वाढतात. सुगंधाने दुर्गंधी झाकली जाते; ती निघून मात्र जात नाही. हुक्क्याची गोष्टही अशीच आहे. तंबाखूचा धूर पाण्यातून नेला की तो निर्दोष होतो, ही युक्ती अकबराच्या दरबारातील एका हकिमाने काढली अशी दंतकथा आहे. लखनौने तर हुक्क्याची कलाच केली. धूर पाण्यातून येतो तो गार आणि मऊ होऊन येतो हे खरे, परंतु त्यातला घातक अंश बहुतेक तसाच राहतो हे आता निर्विवाद ठरले आहे. जे गार लागते, जे गोड वास देते, ते शुद्धच असले पाहिजे असे मानण्याची आपली खोड जुनी आहे, आणि बाजारातले यंत्र निवडतानाही ती सुटत नाही.

तिसरा अर्थ रोगाचा. कोंदट, कुजकी हवा हीच साथींचे मूळ अशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाची समजूत होती. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौ पुन्हा काबीज केले, तेव्हा रॉबर्ट नेपिअर ह्या लष्करी अभियंत्याने शहराची नवी आखणी केली. मच्छी भवनाच्या किल्ल्यापासून रुंद रस्ते दाट वस्तीतून आरपार काढले गेले आणि त्यांत अगणित घरे, गल्ल्या आणि बाजार भुईसपाट झाले. मूळ हेतू लष्करी होता. पुन्हा उठाव झाला तर तोफा आणि पलटणी विनाअडथळा जाव्यात एवढाच. परंतु त्याला आरोग्याचेही समर्थन मिळाले. रुंद रस्त्याने वारा खेळतो आणि वारा खेळला की रोग जातो, असा तो विचार. जुन्या शहरातून काढलेली व्हिक्टोरिया स्ट्रीट चौकाला समांतर गेली. चौक उरला, पण त्याच्या भोवतालचे शहर बदलले.

मुंबईकरांना ही कथा परकी वाटणार नाही. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला, १८९८ साली शहरसुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते दाट वस्तीतून काढले. पश्चिमेचा समुद्रवारा गल्ल्यांपर्यंत पोहोचावा ही त्यामागील स्पष्ट कल्पना होती. प्लेगचा जंतू १८९४ सालीच सापडला होता, आणि तो उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो हेही लवकरच कळून आले. म्हणजे प्लेगच्या खटल्यात हवा निरपराध होती. तरी तिच्यासाठी काढलेले रस्ते अगदीच वाया गेले असे म्हणवत नाही, कारण कोंदट खोलीतला क्षय तर पुढेही कितीतरी वर्षे चाळींतून माणसे नेत होता. पण ज्यांची घरे पाडली ती माणसे कोठे गेली? उरलेल्या चाळींत, पूर्वीपेक्षाही दाटीने राहावयास गेली.

ज्या वर्षी लखनौचे रस्ते आखले जात होते त्याच १८५८ साली म्युनिक येथे माक्स फोन पेटेनकोफर हा रसायनशास्त्रज्ञ एक साधा प्रश्न विचारीत होता. खोलीतली हवा बिघडली हे नाकाने कळते, पण ते मोजावयाचे कसे? त्याने माणसाच्या उच्छ्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हे माप धरले आणि दहा लाख भागांत एक हजार भाग ही मर्यादा सांगितली. त्याच्यापुढे खोली भरलेली समजावी. हा आकडा आजही वायुवीजनाच्या चर्चेत उद्धृत होतो. १८५९ साली हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८६३ साली निघाला. त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचे अपार परिश्रम होते. बराकीत दर शिपायामागे किती घनफूट हवा असावी ह्याचा हिशेब आता होऊ लागला. खोली लांबीरुंदीने मोजणे आणि ती हवेने मोजणे ह्यांत फरक आहे हे सरकारी कागदावर आले. तो हिशेब पलटणीसाठी होता. गल्लीतल्या बिऱ्हाडांना तो कोणी लावला नाही.

ह्यानंतर हवेतली धूळ दिसावयास लागली. १८७० च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडॉल ह्याने अंधाऱ्या दालनात प्रकाशाचा झोत सोडून व्याख्यान दिले. कवडशात धूळ नाचताना आपण सर्वांनी पाहिली आहे. टिंडॉलने तिचा प्रयोग केला. कापसाच्या जाड बोळ्यातून श्वास घेऊन तो झोतात सोडला तर झोतात काळोखाची पोकळी पडे. म्हणजे कापसाने धूळ अडवली होती. पण त्याहून विलक्षण गोष्ट त्याला दुसऱ्याच प्रयोगात दिसली. कापूस न लावता साधा श्वास घेतला आणि तो हळूहळू शेवटपर्यंत सोडला, तर उच्छ्वासाच्या अखेरच्या भागानेही झोतात तसाच काळोख पडे. फुप्फुसाच्या तळातून येणारी हवा धूळरहित होती. आत गेलेली धूळ मग कोठे गेली? ती आतच राहिली होती. एवढे एकच वाक्य नीट ध्यानात ठेवले तर ह्या सर्व यंत्रांचे प्रयोजन कळते. खोलीत गाळणे ठेवले नाही तर गाळण्याचे काम थांबत नाही, ते आपल्या छातीत होते.

टिंडॉलचा कापूस ते आजचे यंत्र ह्यांत दोन महायुद्धे आहेत. विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांसाठी तंतूंचा विशेष कागद तयार झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अणुबाँबचा उद्योग आरंभला तेव्हा किरणोत्सर्गी धूलिकण बाहेर जाऊ नयेत म्हणून त्या कागदाच्या घड्या घालून मोठी गाळणी करण्यात आली. त्या गाळण्यालाच पुढे ‘हेपा’ हे नाव मिळाले. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. मायक्रॉनच्या तीनदशांश आकाराच्या दहा हजार कणांपैकी किमान ९,९९७ कण ज्याने अडवले पाहिजेत ते हेपा. हाच आकार का घेतला? मोठे कण जडपणामुळे वळण घेऊ शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि कोठेतरी चिकटतात. मधल्या आकाराचे कणच सर्वांत शिताफीने निसटतात. परीक्षा त्या निसटणाऱ्यांची घेतली म्हणजे बाकीच्यांची चिंता उरत नाही. दुसरा मार्ग विजेचा. अमेरिकेत फ्रेडरिक कॉट्रेल ह्याने १९०७ च्या सुमारास कारखान्यांच्या धुरातील कणांना विद्युत्भार देऊन ते पत्र्यांवर ओढून घेण्याची रीत व्यवहारात आणली. तिसरा मार्ग लोणारी कोळशाचा. स्कॉटलंडच्या जॉन स्टेनहाउस ह्याने १८५४ साली कोळशाचा श्वसनमुखवटा केला होता. कोळशाच्या असंख्य छिद्रांत वायू आणि वास अडकतात.

आजच्या बाजारातली लहान यंत्रे ह्या तीन घराण्यांतलीच आहेत, आणि त्यांची तुलना करताना प्रथम घराणे पाहावे. घडीच्या हेपा गाळण्याचे यंत्र धूर आणि धूळ ह्यांचे कण खरोखर अडवते. मात्र ते गाळणे ठरावीक काळाने बदलावे लागते आणि तो खर्च दरवर्षीचा असतो. विद्युत्भार देणाऱ्या यंत्रांत बदलावयाचे काही नसते हे त्यांचे आकर्षण. परंतु पत्रे वेळेवर धुतले नाहीत तर त्यांचा गुण उतरतो. पत्र्यांवाचून नुसताच भार सोडणारी जी यंत्रे असतात, त्यांच्यामुळे धूळ भिंतींवर आणि अंथरुणावर जाऊन बसते, आणि काहींतून ओझोन निघतो. ओझोन फुप्फुसाला अपायकारक असल्यामुळे कॅलिफोर्निया राज्याने २०१० पासून अशा यंत्रांवर मर्यादा घातली आहे. कोळसा वासासाठी उत्तम, पण कणांवर त्याचा इलाज चालत नाही, आणि पातळ थर लवकर भरून जातो. कुंड्यांतील झाडांनी खोलीतली हवा शुद्ध होते असे पुष्कळजण सांगतात. ती समजूत १९८९ सालच्या एका अमेरिकी प्रयोगावर आधारलेली आहे. तो प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ साली ह्या सर्व प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला तेव्हा दिसले की साध्या वायुवीजनाची बरोबरी करावयाची तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडे तरी लागतील, कदाचित शेकडो. झाड डोळ्यांसाठी लावावे.

घराण्यानंतर पाहावयाचे ते माप. आपली नेहमीची दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात बाराशे घनफूट, म्हणजे सुमारे चौतीस घनमीटर हवा मावते. तासाला पाच वेळा ती गाळली जावी असे धरले तर यंत्राने ताशी १७० घनमीटर स्वच्छ हवा दिली पाहिजे. हा दर मोजण्याची रीत अमेरिकेतील गृहोपयोगी यंत्रांच्या उत्पादकांच्या संघाने १९८० च्या दशकात ठरवली, आणि चांगल्या यंत्राच्या वेष्टनावर तो आकडा छापलेला असतो. टेबलावर ठेवावयाचे पेल्याएवढे सुबक यंत्र जर ताशी वीस-तीस घनमीटरच देत असेल, तर त्या खोलीतली हवा तासाभरात एकदाही पुरती गाळली जात नाही. हेही लक्षात ठेवावे की छापलेला आकडा पंख्याच्या कमाल वेगाचा असतो. रात्री आवाजाला कंटाळून वेग उतरवला की आकडाही उतरतो. म्हणून लहान खोलीलासुद्धा गरजेपेक्षा थोडे मोठे यंत्र घेऊन ते हळू चालवणे शहाणपणाचे. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी २०२० साली रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथाल ह्या दोघा अमेरिकी गृहस्थांनी एक युक्ती सुचवली. चार गाळणी चौकोनी पेटीसारखी चिकटपट्टीने जोडावयाची आणि वर साधा पंखा बसवावयाचा. दिसावयास ओबडधोबड, परंतु गुणाने महागड्या यंत्राच्या पंक्तीला बसते. थर्मँटिडोटच्या वंशातली ही सर्वांत धाकटी पाती म्हणावयास हरकत नाही.

आणि तिसरी गोष्ट, दारे-खिडक्या. घट्ट बंद खोलीत बाहेरची हवा तासाला एकदाच बदलत असेल आणि यंत्र पाच वेळा गाळीत असेल, तर साध्या गणिताने आतले कण बाहेरच्या एक-षष्ठांशावर येतात. जुन्या घराच्या फटींतून तासाला पाच वेळा हवा येत असेल तर ते निम्म्यावरच राहतात. खिडकी सताड उघडली आणि हवा दहा वेळा बदलू लागली तर दोन-तृतीयांश उरतात. अर्थात यंत्राचा उपयोग हवा असेल तर खोली बंद करावी लागते. पण खोली बंद केली की पेटेनकोफरचा कार्बन डायऑक्साइड वाढू लागतो, आणि त्याला हेपा, वीज किंवा पातळ कोळसा ह्यांतले काहीच रोखू शकत नाही. शिवाय त्याच खोलीत स्वयंपाक होत असेल तर धुराचा उगमच आत आहे. म्हणून स्वयंपाकाच्या वेळी खिडकी उघडावी, तो आटोपल्यावर काही वेळाने ती लावून यंत्र सुरू करावे, आणि बाहेरची हवा त्यातल्या त्यात निवळते त्या वेळी, बहुधा दुपारी, पुन्हा थोडा वारा आत घ्यावा. यंत्र आणि खिडकी ह्यांची पाळी लावावी लागते.

आता पुन्हा चौकाकडे वळू. लखनौ येथे १९६५ साली विषशास्त्राची एक केंद्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली. तिचे आजचे नाव भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था. शहराच्या हवेची पाहणी ती वर्षानुवर्षे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर करीत आली आहे, आणि जेथे हवा मोजली जाते त्या बाजारपेठांच्या यादीत चारबाग, आलमबाग, अमीनाबाद ह्यांच्या जोडीला चौकाचे नाव आहे. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी भारताने २००९ साली घातलेली मर्यादा एका घनमीटरमागे वर्षाच्या सरासरीने चाळीस आणि चोवीस तासांच्या सरासरीने साठ मायक्रोग्रॅम अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेले आकडे अनुक्रमे पाच आणि पंधरा आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात लखनौचा समावेश करावा लागला, ह्यावरून काय ते समजावे.

ह्या शहराला हिवाळा विशेष जड जातो. रात्री जमीन लवकर निवते, तिच्याजवळची गार हवा खाली बसते आणि वरची ऊबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. मग वाहनांचा, चुलींचा, शेकोट्यांचा आणि कारखान्यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. जी गार, जड हवा उन्हाळ्यात आंगणात उतरून घर निववीत असे, तीच हिवाळ्यात धूर घेऊन त्याच आंगणात उतरते. चौकाच्या रचनेचा हा दोष नव्हे. तिने बाहेरच्या हवेवर विश्वास टाकला होता, आणि तो विश्वास आम्ही मोडला.

चौकात हिवाळ्याच्या सकाळी एक पदार्थ मिळतो. मक्खन मलाई म्हणतात, निमिशही म्हणतात. दूध रात्री उघड्यावर, आभाळाखाली ठेवावयाचे, त्याच्यावर दव पडू द्यावयाचे, आणि पहाटे घुसळून त्याचा फेस काढावयाचा. केशराने पिवळसर झालेला तो फेस जिभेवर ठेवताच विरून जातो. थोर थोर हलवायांच्या भट्टीला जे साधत नाही ते ह्या पदार्थात थंडीची उघडी हवा करते अशी तेथल्या लोकांची श्रद्धा आहे. हवा हा ज्याच्या पाककृतीतला एक जिन्नस आहे असा पदार्थ ज्या शहराने निर्माण केला, त्या शहराला त्याच ऋतूत, त्याच रात्री खिडक्या लावून घ्याव्या लागाव्यात, ह्याचे वाईट वाटते.

यंत्र वाईट आहे असा ह्याचा अर्थ नाही. घरात दम्याचा रोगी, तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर त्याच्या खोलीत योग्य मापाचे गाळणे ठेवणे हे आज औषधाइतकेच आवश्यक ठरू शकते. परंतु ते औषध ज्याच्यापाशी पैसा, वीज आणि घट्ट बंद होणारे दार आहे त्यालाच मिळते. दाराशी उजेडात बसून चिकनचा टाका घालणाऱ्या बाईला दार लावून घेणे परवडत नाही, कारण तिचे काम उजेडावर चालते. कबाबच्या तव्यापाशी उभा असलेला, पहाटे मलाईचे हंडे घेऊन निघालेला, सायकलरिक्षा ओढणारा, ह्यांना खोलीच नाही तर खोलीचे यंत्र कोठले? त्यांच्यासाठी उपाय उगमापाशीच करावा लागेल. तसा उपाय आपल्या देशाला अपरिचित नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत धूर नळकांड्याने बाहेर नेणारी मगनचूल झाली. १९५० च्या दशकात हैदराबादच्या एस. पी. राजू ह्या अभियंत्यांनी बिनधुराच्या चुलीचा प्रसार केला. मे २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातल्याच बलिया येथे गॅसच्या जोडण्यांची उज्ज्वला योजना सुरू झाली. मुंबईने तर १९१२ सालीच गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरावर कायदा केला होता. ह्यांतले प्रत्येक पाऊल अपुरे होते, पण त्याचा लाभ एकट्या खोलीचा नव्हता.

वाड्यातले चौक आपल्या डोळ्यांदेखत गेले. कोणी त्यांवर पत्रे घातले, कोणी भिंती घालून त्यांची बिऱ्हाडे केली, बाकीचे वाडे पाडून इमारती झाल्या. लखनौच्या गल्ल्यांतही ह्याहून निराळे घडलेले नाही. घराचा चौक गेला तेव्हा प्रत्येक खोलीला आपली हवा आपण मिळवण्याची पाळी आली, आणि त्या पोकळीत हे यंत्र येऊन बसले आहे. ते अवश्य घ्यावे, नीट मापून घ्यावे, त्याचे गाळणे वेळेवर बदलावे. बदलताना एकदा ते जुने गाळणे उजेडात धरून पाहावे. आणताना ते पांढरे होते, आता काळवंडले आहे. ती काजळी आपल्या छातीत गेली नाही म्हणून बरे वाटेल. मग खिडकीतून खाली गल्लीकडे पाहावे. तेथून जाणारा माणूस हीच हवा कोणत्याही गाळण्यावाचून घेत असतो, हे त्या वेळी आठवले म्हणजे पुरे.